तोफ नंतर, आधी गोदी

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कागदावर आखल्या गेलेल्या, पण कधीच न बांधल्या गेलेल्या महाकाय युद्धनौकांवर मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर पुष्कळ पत्रं आली. त्यातल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देते. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण त्या वाचकानं नुसता प्रश्न पाठवला नाही, अख्खी नौका पाठवली आहे.

प्रश्न : ताई, मी फावल्या वेळात एक काल्पनिक युद्धनौका आखतो आहे. समजा युद्धनौकांच्या आकारावर मर्यादा घालणारा १९२२ चा वॉशिंग्टन करार झालाच नाही, आणि १९३४ साली एखाद्या सधन देशानं जगातली सर्वांत मोठी युद्धनौका बांधायला घेतली. माझे आकडे असे : विस्थापन (म्हणजे नौकेचं एकूण वजन) १,२०,००० टन, ५१ सेंटिमीटर व्यासाच्या १२ तोफा चार बुरुजांत (फिरत्या चिलखती तोफघरांत), वेग ३३ नॉट, बाजूला अर्धा मीटर जाड चिलखत. सोबत रेखाचित्रं जोडली आहेत. त्या काळच्या तंत्रज्ञानात हे जमलं असतं का?

तुमची रेखाचित्रं मी टेबलावर पसरून नीट पाहिली. बाजूचं दृश्य आणि वरचं दृश्य, दोन्ही मन लावून काढली आहेत. पण नौका पाण्यात किती खोल बसते, तो आकडा कुठेच नाही. माझं सगळं आयुष्य जहाजांच्या वजनांचे तक्ते भरण्यात गेलं, व्यापारी जहाजांच्या का होईना. त्यामुळे कुठलंही चित्र हातात आलं की माझी नजर आधी तिथेच जाते. तेव्हा तो आकडा आपण आधी काढू.

याच काळात आखलेली आणि खरोखर बांधलेली सर्वांत मोठी युद्धनौका म्हणजे जपानची यामातो. तिचा आराखडा १९३४ पासून घडत गेला आणि १९३७ च्या नोव्हेंबरात कुरेच्या गोदीत तिचा कणा ठेवला गेला. लांबी २६३ मीटर, रुंदी ३८.९ मीटर, पाण्याखालची खोली साडेदहा मीटरच्या वर, विस्थापन जवळपास ६९,००० टन. तुमची नौका वजनानं तिच्या पावणेदोन पट आहे. आकार तोच ठेवून फुगवायचं तर प्रत्येक माप वजनाच्या घनमूळाच्या पटीत वाढतं, म्हणजे सुमारे १.२ पट. लांबी ३१६ मीटर, रुंदी ४७ मीटर, खोली पावणेतेरा मीटरच्या आसपास.

लांबीची मला काळजी वाटत नाही. त्या काळात तीनशे मीटरच्या वरची जहाजं बांधली गेली होती. फ्रान्सचं नॉर्मंडी हे प्रवासी जहाज १९३५ साली धावू लागलं. ते ३१३ मीटर लांब होतं आणि १,६०,००० अश्वशक्तीवर तीस नॉटच्या आसपास जायचं. त्याच्या सांगाड्याचा आकार ठरवला व्लादिमिर युर्केविच यांनी. हे गृहस्थ क्रांतीआधी रशियाच्या नौदलासाठी इझ्माइल वर्गाच्या लढाऊ क्रूझरांच्या आराखड्यावर काम करत होते. युद्धनौकेसाठी मुरवलेली विद्या प्रवासी जहाजाच्या कामी आली, याचं मला फार अप्रूप वाटतं. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, तळाशी फुगीर गोळा ठेवला की लाटांचा अडथळा कमी होतो, ही युक्ती नॉर्मंडीनंही वापरली आणि यामातोनंही.

खरी अडचण आहे ती खोलीची आणि रुंदीची. तुम्ही देशाचं नाव दिलेलं नाही, म्हणून मी एकेक दार ठोठावून पाहिलं. अमेरिका घेतली तर पनामा कालव्याच्या लॉकची, म्हणजे जहाजं वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या बंद कप्प्याची, रुंदी साडेतेहतीस मीटर. तिथून यामातोसुद्धा गेली नसती, मग तुमच्या नौकेचं नावच नको. ब्रिटन घेतलं तर साउदम्प्टनची मोठी सुकी गोदी (जहाज आत घेऊन पाणी उपसायची जागा) १९३३ साली सुरू झाली, लांबी ३६६ मीटर, पण रुंदी ४१. सिंगापूरच्या नौदल तळावरची गोदी १९३८ ची, लांबी ३०५ मीटर, रुंदी ४० च्या आसपास. दोन्हीकडे नौका बाहेरच राहते. फ्रान्समधल्या सँ-नाझेरची गोदी नॉर्मंडीसाठीच बांधलेली, ३५० मीटर लांब आणि ५० रुंद. तिच्यात तुमची नौका दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर राखून शिरेल.

एवढ्या मोठ्या नौकेला दुरुस्तीची एकच जागा असली की काय होतं, हे पुढे दिसलंच. १९४२ च्या मार्चमध्ये ब्रिटिशांनी स्फोटकांनी भरलेली एक जुनी विनाशिका याच सँ-नाझेरच्या गोदीच्या दारावर नेऊन आदळवली. कारण अटलांटिकच्या किनाऱ्यावर जर्मनांच्या टिरपिट्झ या मोठ्या युद्धनौकेला सामावून घेईल अशी तेवढी एकच गोदी होती. टिरपिट्झ कुठे आहे याचा माग काढण्यापेक्षा गोदीचं दार मोडणं सोपं होतं.

म्हणून महाकाय नौकेच्या आराखड्याचा पहिला कागद गोदीचा असावा, असं मी ठामपणे म्हणते. दारं किती रुंद, उंबरठ्यावर पाणी किती खोल, बंदराच्या तोंडाशी गाळ किती, हे आधी लिहायचं. मग नौका. जपान्यांनी तेच केलं. यामातोसाठी कुरेची गोदी आधी मीटरभर खोल केली. यामातोची जुळी नौका मुसाशी नागासाकीत बांधायची ठरल्यावर तिचे बुरूज कुरेहून तिकडे न्यायला काशिनो नावाचं वेगळं जहाजच बांधावं लागलं. उतारावरून मुसाशी पाण्यात सोडली तेव्हा उठलेल्या लाटेचं पाणी समोरच्या काठावरच्या घरांत शिरलं. नौका लोकांच्या नजरेआड राहावी म्हणून ताडाच्या जातीच्या झाडाच्या काथ्याचे एवढे पडदे टांगले होते, की कोळ्यांना जाळ्यांसाठी काथ्या मिळेना.

तर उंबरठ्यावरचं पाणी आणि बंदरातला गाळ लक्षात घेऊन खोली अकरा मीटरवर रोखू. वजन तेवढंच ठेवायचं, म्हणजे उरलेली मापं वाढणार. लांबी ३४० आणि रुंदी ५० पर्यंत जाते. पुढे युद्ध चालू असताना जर्मनांनी एच-४४ नावाचा आराखडा केला होता. तो याहून थोडा वजनदार, आणि त्याची मापं निघाली ३४५ मीटर लांब आणि साडेएक्कावन्न मीटर रुंद. आपण वेगळ्या वाटेनं त्याच ठिकाणी येऊन पोचलो. पण पन्नास मीटर रुंदीची नौका पन्नास मीटरच्या दारातून जात नाही. सँ-नाझेरही गेलं.

आता वजनाचा तक्ता. तुम्ही बाजूच्या चिलखताची जाडी दिली आहे, डेकच्या चिलखताची दिलेली नाही. आराखडे करणाऱ्या उत्साही लोकांचं डेककडे नेहमी दुर्लक्ष होतं, आणि सगळ्यांत जास्त वजन खातो तो डेकच. हिशेब करून पाहा. एक घनमीटर पोलाद जवळपास ७.८५ टन. बाजूचा पट्टा अर्धा मीटर जाड आणि सात मीटर उंच धरला, तर नौकेच्या लांबीच्या दर मीटरला दोन्ही बाजू मिळून ५५ टन होतात. डेक यामातोसारखा २३ सेंटिमीटरचा आणि ४७ मीटर रुंद धरला, तर दर मीटरला ८५ टन. म्हणजे बालेकिल्ल्याचा, चिलखतानं झाकलेल्या मधल्या भागाचा, प्रत्येक मीटर तुम्हाला १४० टनांना पडतो. चार बुरूज आणि ३३ नॉटची यंत्रं झाकायला बालेकिल्ला दोनशे मीटरचा तरी हवा. झाले २८,००० टन. बुरुजांखालच्या गोल चिलखती विहिरी, बालेकिल्ल्याच्या पुढच्या-मागच्या आडव्या भिंती, सुकाणूभोवतीचं कवच, पाण्याखालच्या भिंती, हे सगळं मिळून आणखी दहा हजार टन.

यामातोच्या ४६ सेंटिमीटरच्या तीन तोफांचा एक बुरूज सुमारे अडीच हजार टनांचा होता. एका अख्ख्या विनाशिकेएवढं वजन, तेही फिरतं. तोफेचा व्यास वाढवला की तोफ, गोळा, यंत्रणा सगळंच घनाच्या पटीत वाढतं. म्हणजे ५१ सेंटिमीटरसाठी बुरूज ३,४०० टनांच्या घरात. चार बुरुजांचे साडेतेरा हजार. गोळा यामातोचा १,४६० किलोचा, तुमचा दोन टनांचा. तोफेमागे शंभर गोळे धरले तर गोळेच २,४०० टन, आणि दारू वेगळी.

यंत्रांकडे आले की मात्र माझा हात थांबतो. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानानं वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वजन वाढलं तर ती तितकी वाढत नाही, म्हणूनच मोठी जहाजं टनामागे स्वस्त पडतात. यामातोला २७ नॉटसाठी १,५०,००० अश्वशक्ती लागली. त्याच प्रमाणात तुमच्या नौकेला ३३ नॉटसाठी चार लाखांच्या जवळ लागते. अमेरिकेच्या आयोवा या युद्धनौकेसारखा सडपातळ सांगाडा धरला तरी साडेतीन लाख. त्या काळात पाण्यावर असलेली सर्वांत बलाढ्य यंत्रं अमेरिकेच्या लेक्सिंग्टन आणि साराटोगा या विमानवाहू नौकांवर होती, १,८०,००० अश्वशक्तीची, पंखे फिरवणाऱ्या चार दांड्यांवर वाटलेली. म्हणजे एका दांड्याला ४५,०००. जर्मन युद्धनौका बिस्मार्कनं ते पन्नास हजारांपर्यंत नेलं. तुमच्या चार दांड्यांना प्रत्येकी लाखभर अश्वशक्ती पेलायची आहे. असा गिअर त्या काळी कोणी कापलेला नव्हता. मग दांडे आठ करायचे. त्यासाठी मागची बाजू रुंद हवी, आणि मागची बाजू रुंद केली की पाणी तिथे घोटाळतं आणि वेग पुन्हा घटतो.

डिझेल वापरावं असं तुम्ही समासात लिहिलं आहे. जपान्यांनाही ते हवं होतं. यामातोच्या सुरुवातीच्या आराखड्यांत वाफ आणि डिझेल दोन्ही होती. पण तशी डिझेल यंत्रं दुसऱ्या नौकांवर सतत त्रास देऊ लागली, तेव्हा त्यांनी शेवटच्या टप्प्यावर सगळी वाफेची यंत्रं घेतली. यामातोच्या चिलखती डेकखाली एकदा यंत्रं बसली की ती काढून बदलणं जवळजवळ अशक्य होतं, त्यामुळे हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

एकूण बेरीज अशी. सांगाडा साधारण तीस टक्के, म्हणजे ३६,००० टन. चिलखत ३८,०००. बुरूज आणि दारूगोळा १७,०००. यंत्रं १२,००० च्या आसपास. इंधन ९,०००. लहान तोफा, बोटी, नांगर, साखळ्या, माणसं, पाणी, अन्न मिळून ६,०००. बेरीज १,१८,०००. तुमची नौका कागदावर तरते! तुमचा अंदाज पोकळ नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पण तक्त्याच्या तळाशी वाढीव वजनाची एक ओळ मी नेहमी मोकळी ठेवत असे. तिच्यासाठी इथे दोन हजार टन उरतात, दोन टक्केसुद्धा नाहीत. बांधता बांधता जहाजाचं वजन वाढतंच. कुठे केबल जाड होते, कुठे पंप वाढतो, कुठे कोणी वरिष्ठ अधिकारी आणखी एक दूरदर्शक मागतो. मग नौका हातभर खोल बसते आणि पट्ट्याची वरची कड पाण्याजवळ येते.

माझा सल्ला : मागच्या दोन बुरुजांतला वरचा बुरूज काढा. त्याबरोबर बालेकिल्ल्याचे पंचवीस-तीस मीटर, खालची विहीर, गोळे आणि दारू जाते. एकट्या बुरुजामागे आठ-नऊ हजार टन कमी होतात. वेग २८ नॉटवर आणा. शक्तीची गरज दोन लाखांच्या थोडी वर येते, दांड्याला चोपन्न हजार. तीसच्या दशकात तेही धाडसच, पण करता येण्याजोगं. यंत्रं हलकी झाली की बालेकिल्ला आखूड होतो, इंधन कमी लागतं, आणि ते वाहणारा सांगाडाही लहान होतो. वजन वजनाला ओढतं, तसं ते वजनाला सोडतंही. नौका एक लाख टनांवर येते : ३१५ मीटर लांब, पंचेचाळीस मीटर रुंद, अकरा मीटर खोल. नऊ तोफा. आणि सँ-नाझेरच्या दारातून ती आत येते. इतर कुठला देश घेतलात तर पैशांच्या यादीत पहिली रक्कम नव्या गोदीची लिहा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. अमेरिकेनं एका बुरुजात सहा तोफा असलेल्या युद्धनौकेचा आराखडा केला होता असं वाचलं. खरंच केला होता का? मग नंतर कोणी तसं का केलं नाही?

खरं आहे. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर बेंजामिन टिलमन दरवर्षी वाढत जाणाऱ्या युद्धनौकांना कंटाळले होते. त्यांनी नौदलाला विचारलं की एकदाच सांगून टाका, जास्तीत जास्त केवढी नौका बांधता येईल? हे पहिल्या महायुद्धातलं, १९१६-१७ च्या सुमाराचं. आता बघ, नौदलाच्या लोकांनी उत्तराची सुरुवात कुठून केली असेल? पनामाच्या लॉकपासून. लॉक हजार फूट लांब आणि ११० फूट रुंद, म्हणून नौका ९७५ फूट लांब आणि १०८ फूट रुंद. तेवढ्या चौकटीत ८०,००० टन बसले. त्यातल्या एका आराखड्यात १६ इंची २४ तोफा होत्या, चार बुरुजांत सहा-सहा.

सहाची कल्पना का आली हे तू स्वतः काढू शकशील. रुंदी वाढवता येत नाही आणि लांबीही संपली, पण तोफा वाढवायच्या आहेत. मग त्या एकाच बुरुजात दाटीवाटीनं बसवायच्या. तोटाही त्याच दाटीत आहे. शेजारच्या तोफा एकदम उडाल्या की त्यांचे गोळे एकमेकांच्या हवेच्या धक्क्यानं किंचित वळतात आणि मारा विस्कटतो. शत्रूचा एक गोळा बुरुजाच्या फिरत्या कड्यावर बसला की चौथा हिस्सा ताकद गप्प. शिवाय एवढ्या रुंद बुरुजासाठी डेकला केवढं भोक पाडावं लागतं ते काढून बघ. फ्रेंचांनी पुढे डंकर्क नौकेत चार तोफांचा बुरूज केला, पण आत मधोमध चिलखती भिंत घालून त्याचे दोन भाग केले. मला विचारशील तर तीन तोफांचा बुरूज हाच त्या काळचा समंजस आकडा.

प्रश्न : वॉशिंग्टन करार झाला नसता तर विसाच्या दशकातच राक्षसी नौका आल्या असत्या का?

आल्याच असत्या. ब्रिटननं जी-३ वर्गाच्या चार लढाऊ क्रूझरांची मागणी १९२१ च्या ऑक्टोबरात नोंदवली होती : ४८,००० टनांच्या वर, १६ इंची नऊ तोफा, ३२ नॉट. त्यांच्या जोडीला १८ इंची नऊ तोफांची एन-३ नौका आखून तयार होती. जपानच्या यादीत तेरा क्रमांकापासूनच्या चार नौका होत्या, ४६ सेंटिमीटरच्या आठ तोफांच्या. नोव्हेंबरात वॉशिंग्टनला परिषद भरली आणि ब्रिटननं काम थांबवलं. १९२२ च्या फेब्रुवारीत करारावर सह्या झाल्या : एका नौकेला ३५,००० टन, तोफ १६ इंचांपर्यंत. जी-३ चे बुरूज आणि चिलखताची मांडणी कापून-छाटून नेल्सन आणि रॉडनी या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये आली. तिन्ही बुरूज पुढे ठेवण्याची ती विचित्र दिसणारी रचना मला मनापासून आवडते. बुरूज एकत्र आणले की बालेकिल्ला आखूड होतो, आणि वर काढलेला मीटरमागचा हिशेब आठवला तर त्यातला फायदा लगेच दिसेल.

५१ सेंटिमीटर मात्र विसाच्या दशकात आली नसती असं मला वाटतं. जपाननं १९२० च्या सुमारास ४८ सेंटिमीटरची एक चाचणी-तोफ ओतली होती आणि गुप्ततेसाठी तिला ३६ सेंटिमीटरची म्हणत. चाचणीची एक तोफ घडवणं आणि तशा नऊ तोफा सुट्या नळ्यांसकट पुरवणं यात फार अंतर आहे. यामातोच्या तोफेची नळी दोनशेक बार झाले की झिजायची. पोलादाचंही तेच. सोव्हिएत संघानं १९३८ पासून सोव्हेत्स्की सोयूझ वर्गाच्या चार नौका बांधायला घेतल्या, एकेक जवळपास ६०,००० टनांची. पण ठरवलेल्या जाडीचं पृष्ठकठीण (फक्त बाहेरची बाजू कठीण केलेलं) चिलखत त्यांच्या कारखान्यांना नीट जमेना. चारांपैकी एकही पुरी झाली नाही.

प्रश्न : मोठी तोफ म्हणजे लांबचा पल्ला. मग ५१ सेंटिमीटरच्या नौकेनं शत्रूला त्याच्या पल्ल्याबाहेरूनच बुडवलं असतं, असं का म्हणू नये?

कारण पृथ्वी गोल आहे. समुद्रसपाटीपासून ३५ मीटर उंचीवर दूरमापक ठेवला तर क्षितिज साधारण २१ किलोमीटरवर येतं. शत्रूच्या नौकेचाही मनोरा तेवढाच उंच असेल, तर त्याचं टोक आणखी २१ किलोमीटर पलीकडून दिसू लागतं. दोन्ही मिळून ४२. यामातोच्या तोफेचा पल्लाही ४२ किलोमीटरच होता. म्हणजे त्याहून पुढे गोळा जाईल, पण कुठे पडला ते नौकेवरून दिसणार नाही. त्यासाठी विमान वर ठेवावं लागेल, आणि विमानांतून निरीक्षण करण्याची सोय त्या काळच्या आराखड्यांत होतीही.

पण पल्ल्याच्या टोकाला गोळा दीड मिनिटाहून जास्त वेळ हवेत असतो. तेवढ्या वेळात २७ नॉटनं चाललेली नौका सव्वा किलोमीटरच्या वर सरकते, आणि तिच्या कप्तानानं मध्येच सुकाणू फिरवलं तर सगळा हिशेब पाण्यात. चालत्या नौकेनं चालत्या नौकेवर केलेला सर्वांत लांबचा अचूक मारा २४ किलोमीटरच्या आसपासचा आहे. १९४० च्या जुलैत ब्रिटिश वॉरस्पाइटनं इटलीच्या जुलिओ चेझारेवर तो केला. त्याच्या महिनाभर आधी जर्मन शार्नहोर्स्टनं ब्रिटिश विमानवाहू नौका ग्लोरियसवर जवळपास तेवढ्याच अंतरावरून नेम साधला होता.

मोठ्या तोफेचा खरा उपयोग याच २०-२५ किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. तिथे तिचा जड गोळा असं चिलखत फोडतो, जे १६ इंची गोळा फोडू शकत नाही. एखाद्या विशिष्ट तोफेच्या माऱ्यापुढे, फार जवळ नाही आणि फार लांबही नाही अशा ज्या अंतरात नौकेचा पट्टा आणि डेक दोन्ही टिकतात, त्या पट्ट्याला आराखडाकार सुरक्षित क्षेत्र म्हणतात. जवळून गोळा सपाट येतो आणि बाजू फोडतो. लांबून तो वरून पडतो आणि डेक फोडतो. तुमची तोफ शत्रूचं सुरक्षित क्षेत्र पुसून टाकत असेल आणि तुमचं शाबूत राहत असेल, तर तुम्ही त्याच्यापेक्षा कमी तोफा ठेवूनही पुढे आहात. १९३४ च्या जपानी आराखडाकारांचा डाव नेमका हाच होता. अमेरिकेच्या नौका पनामातून जाण्यासाठी १०८ फुटांत अडकलेल्या असतील, तेवढ्या रुंदीत १८ इंची तोफा आणि त्यांना पेलणारं चिलखत बसणार नाही, हा त्यांचा अंदाज होता. अमेरिकेनं हे बंधन युद्धनौकांपुरतं सोडलं ते मोंटाना या पुढच्या युद्धनौका-वर्गाच्या आराखड्यात, १२१ फूट रुंदी धरून. त्यासाठी पनामाला जास्त रुंद लॉकचं कामही १९४० मध्ये सुरू झालं. मोंटाना वर्गातली एकही नौका बांधली गेली नाही.

प्रश्न : १९२१ साली विमानांनी ओस्टफ्रीसलँड बुडवली. त्यानंतरही लोक महाकाय युद्धनौका आखत बसले, हा हट्टच नव्हता का? आणि अशी नौका टॉर्पेडोपुढे किती टिकली असती?

हट्ट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ओस्टफ्रीसलँड ही जर्मनांकडून मिळालेली जुनी नौका व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापुढे नांगरून ठेवली होती. आत एकही माणूस नव्हता, पंप बंद, उलट गोळीबार नाही. जनरल मिचेल यांच्या विमानांनी दोन हजार पौंडांचे बॉम्ब टाकले आणि २१ जुलै १९२१ रोजी ती बुडाली. आराखडा करणाऱ्यांनी त्यातून घेण्यासारखं ते घेतलं : बॉम्ब डेकवर पडण्यापेक्षा शेजारी पाण्यात फुटला तर सांध्यांना जास्त भारी पडतो. १९३४ च्या विमानांकडे बघून, दहा वर्षांनी ती केवढा भार उचलतील, हे ओळखणं सोपं नव्हतं. तुमची नौका १९३४ ची असेल तर तिचा आराखडा १९३४ च्या डोळ्यांनीच करा. विमानविरोधी तोफांचं जंगल तिच्यावर उभं केलं, तर ती दुसऱ्याच काळातली होऊन जाईल.

टॉर्पेडोचं उत्तर मात्र १९३४ मध्येही देता येत होतं, आणि तिथेच आकार कामी येतो. पाण्याखाली बाजूला एकामागोमाग उभ्या भिंती घालून मधे पोकळ्या ठेवायच्या, काही रिकाम्या, काही तेल किंवा पाण्यानं भरलेल्या. स्फोटाला विरून जायला जागा मिळते. पंचेचाळीस मीटर रुंदीत तुम्हाला दोन्ही बाजूंना सात-सात मीटर यासाठी देता येतात. ३५,००० टनांच्या नौकेला हे परवडत नाही.

पण जाडी असूनही सांधा कमजोर असला तर काय होतं, ते यामातोनं दाखवलं. तिचा वरचा जाड पट्टा आणि खाली तळाकडे निमुळता होत जाणारा पट्टा जिथे मिळत होते, तो जोड कच्चा होता. १९४३ च्या २५ डिसेंबरला अमेरिकन पाणबुडी स्केटचा एकच टॉर्पेडो लागला. जोड आत ढकलला गेला आणि सुमारे तीन हजार टन पाणी शिरलं. मुसाशीनं पुढच्या ऑक्टोबरात एकोणीसच्या आसपास टॉर्पेडो आणि सतरा बॉम्ब सोसले आणि मग ती बुडाली. ते लोखंड आणि त्यातली माणसं दोन्ही किती चिवट होती, हे त्यावरून कळतं. पण सांधा पक्का असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून ज्या वाचकानं एक लाख वीस हजार टनांची नौका पाठवली, त्यांनी पुढचं चित्र मधल्या आडव्या छेदाचं काढावं. शंभरास एक या प्रमाणात. पट्ट्याची खालची कड पाण्याखाली किती मीटर जाते, तिच्यामागे आधाराला काय आहे, तिथले रिव्हेट सरळ ताण घेतात की कातरले जातात, हे दाखवा. बॉयलरांच्या खोल्यांमधून लांबीनं जाणारी उभी भिंत शक्यतो टाळा. एका बाजूला पाणी भरलं आणि ती भिंत त्याला पलीकडे जाऊ देईना, तर नौका कलते, आणि कललेल्या नौकेचा दुसऱ्या बाजूचा पट्टा पाण्याबाहेर येऊन निकामी होतो. नाइलाजानं भिंत ठेवलीतच, तर समोरच्या बाजूच्या टाक्यांत पाणी सोडायचे व्हॉल्व्ह चिलखती डेकच्या खालून फिरवता येतील असे ठेवा, आणि पंपांना वीज दोन वेगळ्या खोल्यांमधून द्या. छेद तयार झाला की वजनाच्या तक्त्यासकट पाठवा. वाढीव वजनाची ओळ या वेळी पाच टक्क्यांची ठेवा.